घरी बीड रोलर बांधताना: आधी फ्रेम, मग डाय

धान्याची कोठी, पत्र्याची ट्रंक, जीपचा फ्लोअर यांवर जे लांब उभार असतात ते बीड. १ मिमीचा सपाट पत्रा अंगठ्याने दाबला की टकटक करतो. त्यावर दोन बीड मारले की ताठ होतो. बीड मारणारं यंत्र तसं साधं: दोन शाफ्ट, त्यांच्या टोकांवर पत्र्याला आकार देणारी दोन चाकं म्हणजे डाय, दोन गिअर, वरचा शाफ्ट दाबणारा एक स्क्रू. तरी घरी बांधलेली बरीच यंत्रं नीट चालत नाहीत. मग डाय बदलले जातात, पैसे जातात आणि बीड वाकडा तो वाकडाच. दोष बहुधा फ्रेमचा, म्हणजे मागचा खांब आणि त्यातून पुढे येऊन शाफ्ट धरणारे वरचा-खालचा असे दोन हात यांचा असतो.

१२ मिमी प्लेट कापून केलेला हात वर-खाली दणकट असतो, पण आडवा लवचीक. १०० मिमी उंचीच्या अशा हाताचा उभा ताठपणा आडव्या ताठपणाच्या जवळजवळ ७० पट भरतो. पत्रा रोलमधून जाताना वरच्या डायला नेमका आडवाच ढकलतो. वरचा डाय खालच्या डायच्या डोक्यावरून सरकला की बीड उथळ पडतो आणि पत्रा एका अंगाला पळतो. १०० × ५० × ५ मिमीची बॉक्स पाईप उभी वापरली तर आडवा ताठपणा त्या प्लेटच्या सुमारे ३९ पट मिळतो. ९६ × ४८ मिळाली तरी चालेल.

दुसरा प्रश्न थ्रोटचा, म्हणजे डायपासून मागच्या खांबापर्यंतच्या मोकळ्या जागेचा. हाताची लवचीकता लांबीच्या घनाने वाढते. ३५० मिमीऐवजी ४५० केलं तर तोच हात दुपटीहून जास्त वाकेल. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून थ्रोट वाढवू नका. ३५० मिमीत ७०० मिमी रुंद पत्र्याच्या मधोमध बीड मारता येतो, कारण पत्रा फिरवून दुसऱ्या बाजूने घालता येतो.

लागणारं सामान असं:

- बॉक्स पाईप १०० × ५० × ५, ४५० मिमीचे दोन तुकडे
- खांबासाठी १५० × ७५ चा सी-चॅनेल, सुमारे ५०० मिमी, आणि ७५ × १० ची पट्टी
- शाफ्टसाठी २५ मिमी ब्राइट बार, ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद), ६०० मिमीचे दोन
- यूसीएफएल २०५ फ्लँज बेअरिंग (लांबट, दोन बोल्टची) दोन
- गनमेटल बुश दोन: आतून २५, बाहेरून ३५, लांबी ५०
- स्पर गिअर दोन: मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ३, दात २५
- एम१६ चा स्क्रू आणि नट
- डायसाठी ८५ मिमी गोल ईएन८

मॉड्यूल ३ आणि २५ दात म्हणजे पिच व्यास, म्हणजे दोन गिअर जिथे एकमेकांना भिडतात त्या वर्तुळाचा व्यास, ७५ मिमी. त्यामुळे बीड पूर्ण खोल असताना दोन शाफ्टच्या मध्यांतलं अंतर ७५ मिमी. पुढची सगळी मापं यावरूनच निघतात, म्हणून गिअर आधी हातात घ्या आणि मगच पाईप कापा. जुन्या बाजारातले गिअर घेणार असाल तर दोन्हींचे दात मोजा, व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा. तो ८१ मिमी असायला हवा.

चॅनेल उभा ठेवा, फ्लँज (बाजूचे दोन पाय) डायच्या बाजूला. दोन्ही बेअरिंग त्याच्या पाठीवर आडवी बसवा. यूसीएफएल २०५ ची रुंदी ६८ मिमी, म्हणून ७५ मिमी अंतरात दोन बसतात. चौकोनी यूसीएफ २०५ बसत नाही. गिअर चॅनेलच्या आत, बेअरिंगच्या पुढे ठेवा. वरचा शाफ्ट मागच्या बेअरिंगवर झोके घेतो: पुढचं टोक १० मिमी उचललं की गिअर साधारण १ मिमी वर जातो, दात थोडे सैल होतात पण सुटत नाहीत. तोच गिअर बेअरिंगच्या मागे ठेवला तर पुढचं टोक उचलताना तो खाली येईल आणि दात एकमेकांत रुततील. हँडल जाम होण्याचं हे नेहमीचं कारण.

दोन हातांमधली मोकळी उंची १९५ मिमी ठेवा: ६० + ७५ + ६०, मधले ७५ म्हणजे शाफ्टमधलं अंतर. हात चॅनेलच्या पाठीला भिडवून वेल्ड करा आणि १० मिमी जाडीच्या आडव्या पट्ट्यांनी फ्लँजला बांधा. नुसता चॅनेल मात्र कमी पडतो. दोन्ही फ्लँजना बाहेरून ७५ × १० ची पट्टी जोडली नाही तर हात ताठ राहतील आणि खांबच वाकेल. पूर्ण वेल्ड करण्याआधी शाफ्ट, बेअरिंग, गिअर सगळं बसवून फक्त टॅक (ठिपक्याएवढे वेल्ड) मारा. हातांच्या टोकांत बरोबर १९५ मिमीचा तुकडा क्लॅम्प करा, मग आळीपाळीने छोटे वेल्ड घ्या. सलग वेल्ड केलं की थ्रोट ओढला जातो.

पुढच्या टोकाला बेअरिंगपेक्षा बुश बरा. वेग कमी, भार जास्त, आणि बेअरिंगची मोठी बॉडी पत्र्याच्या वाटेत येते. खालच्या शाफ्टसाठी ५० मिमी रुंद, ८५ मिमी उंच ठोकळा घ्या, बोअरचा (भोकाचा) मध्य तळापासून ६० वर. वरच्या शाफ्टसाठी ५० × ५० चा ठोकळा. हा दोन १२ मिमी पट्ट्यांमध्ये सरकेल. पट्ट्या पत्रा ज्या दिशेने जातो त्या दोन अंगांनाच लावा, गाळा ०.१ मिमीपेक्षा जास्त नको. समोर आणि मागे ठोकळा मोकळा राहू द्या. शाफ्ट तिरका होतो तसा ठोकळाही झुकायला हवा, नाहीतर बुश अडकतो. बुशला तेलाचं भोक विसरू नका.

स्क्रूचं टोक ठोकळ्यात कॉलरने अडकवा म्हणजे तो दाबतो तसा उचलतोही. एम१६ ची पिच २ मिमी आहे, त्यामुळे पाव फेरा म्हणजे अर्धा मिमी. हँडलखाली चार खुणा करा.

आता डाय. २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिमीच्या पत्र्यासाठी:

वरचा डाय: खांद्याचा (उभाराच्या बाजूच्या सपाट भागाचा) व्यास ७१, उभाराचा ७९, उभाराची रुंदी १०, टोकाला ५ मिमी त्रिज्या.
खालचा डाय: बाहेरचा व्यास ७७, खोबणीच्या तळाचा ६७, खोबणीची रुंदी १२, कडांना १.५ मिमी त्रिज्या.

यातून ४ मिमीचा बीड मिळतो. खोबणीची रुंदी काढायचा नियम: उभाराची रुंदी अधिक पत्र्याच्या जाडीची दुप्पट, वर किंचित सूट. १८ गेजचा १.२ मिमी पत्रा या १२ मिमी खोबणीत दामटला तर तो खांद्यावर कातरला जातो. त्याला साडेबारा मिमीची खोबणी लागते. उलट फार रुंद खोबणीत बीडच्या कडा मऊ पडतात आणि बाजूचा पत्रा लाटांसारखा उठतो. डाय ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरायचा तर शाफ्टवर सपाट जागा घासा; गोल शाफ्टवर नुसता ग्रब स्क्रू टिकत नाही.

हँडल खालच्या शाफ्टला, मागे. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने पत्रा धरायचा. एकट्याने काम करायचं असेल तर १४४० आरपीएम मोटर, १:६० चा वर्म गिअरबॉक्स आणि चेनने आणखी १:२ अशी मांडणी करा. शाफ्ट १२ आरपीएमने फिरतो आणि पत्रा मिनिटाला सुमारे २.९ मीटर जातो. याहून वेग नको. पाय उचलताच बंद होणारा फूट स्विच लावा आणि गिअर झाका. रोलजवळ हातमोजे घालू नका. मोजा ओढला गेला तर बोटंही जातात.

मार्करने रेघ आखा, पत्रा सपाट धरा, हलका दाब देऊन पहिला फेरा काढा. पुढचा प्रत्येक फेरा अर्ध्या ते एक मिमीने खोल. एका फेऱ्यात चारही मिमी मारायला गेलात तर पत्रा ओढला जातो आणि रेघ सुटते. बीड आजूबाजूचा पत्रा आत ओढतो, म्हणून पत्रा मापापेक्षा मोठा ठेवा आणि बीड झाल्यावरच कापा. कडा दुमडायच्या असतील तर त्याही नंतरच.

पत्रा सतत एकाच बाजूला जातो? उभार खोबणीच्या मधोमध नाही. डायमागे ०.२ मिमीचा शिम (पातळ चकती) घालून बघा. बीडच्या दोन्ही बाजूंना रेघा उमटतात? डायच्या कडा धारदार आहेत, लेथवर पॉलिश पेपर फिरवा. ॲल्युमिनियमवर ओरखडे येत असतील तर खालचा डाय नायलॉनचा करा.

प्लेटचं तयार यंत्र आधीच असेल तर नवीन बांधायची घाई नको. खालच्या हातावर मॅग्नेटिक स्टँड लावा, डायल गेजची सुई वरच्या हाताच्या टोकाला बाजूने टेकवा आणि एक बीड मारा. सुई अर्ध्या मिमीपेक्षा जास्त हलली तर दोन्ही हातांच्या एका अंगाला, मागच्या वळणासकट, ५० × ५० × ४ बॉक्स पाईप तुटक वेल्डने जोडा आणि पुन्हा मोजा. नवे डाय त्यानंतर.