इलेक्ट्रिक सायकलचा टायर निवडताना: पावणेदोन आणि पावणेदोन सारखे नसतात

टायर झिजला की जो तो विचारतो, "कुठल्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न यादीत शेवटून दुसरा. शेवटचा रंगाचा. पहिला प्रश्न असा की तुमच्या रिमवर बसतो कुठला, आणि तोच कोणी विचारत नाही. हे सगळं पायडल असलेल्या इलेक्ट्रिक सायकलींबद्दल आहे. स्कूटरचे टायर हे प्रकरण वेगळं.

१. माप

जुन्या टायरच्या बाजूवरून ओला फडका फिरवा. तिथे दोन तऱ्हेचे आकडे सापडतील. एक ठळक, इंचातला: २६ × १.७५ वगैरे. दुसरा बारीक, मधे आडवी रेघ असलेला: ४७-५५९. तुमच्या कामाचा हा दुसरा. यातले ४७ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५९ म्हणजे टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे टेकते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. रुंदीत थोडं इकडेतिकडे चालतं. व्यासाचा आकडा मात्र जसाच्या तसा जुळायला हवा.

हे मला वेळेत कोणी सांगितलं नाही. माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक सायकलला २६ × १.७५ होता. दुकानात मिळाला २६ × १ ३/४. मी मनातल्या मनात हिशेब केला: हाही पावणेदोन, तोही पावणेदोन. घेतला. घरी आल्यावर टायर नुसत्या अंगठ्यांनी रिमवर गेला, लिव्हर (टायर चढवायची पट्टी) हातात धरावाच लागला नाही, आणि मला वाटलं, आता आपला हात बसला! हवा भरत गेले. पंपाचा काटा तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आला आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला टायरची कड रिमवरून हळूच वर सरकली. त्या फटीतून ट्यूबचा फुगा डोकावला, आधी लिंबाएवढा, मग संत्र्याएवढा. पंप सोडून मागे होईपर्यंत तो धाडकन फुटला. बराच वेळ कानात शिट्टी वाजत होती.

झालं होतं असं की दशांशात लिहिलेला पावणेदोन ५५९ चा असतो आणि अपूर्णांकात लिहिलेला पावणेदोन ५७१ चा. तब्बल १२ मिलिमीटर ढिला टायर मी चढवत होते. शाळेतलं गणित इथे उपयोगाचं नाही. इंचातली मापं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या देशांत ठरली आणि तशीच शेजारीशेजारी राहिली. २६ × १ ३/८ म्हणाल तर तो आणखी तिसराच, ५९० चा. घडीच्या सायकलींच्या '२० इंच' चाकात ४०६ आणि ४५१ असे दोन पंथ आहेत. उलट ७००सी, २९ इंच आणि बरेचसे २८ इंच ही नावं वेगळी, पण व्यास एकच, ६२२. 'बरेचसे' म्हणते कारण २८ × १ १/२ हा ६३५ चा निघतो. २७.५ आणि ६५०बी दोन्ही ५८४.

म्हणून "बसेल हो, थोडा ताणला की बसतो" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. टायरच्या कडेतली तार ताणली जात नाही. आकडा पुसला गेला असेल तर रिमवर किंवा रिमच्या आत पट्टीखाली तो बरेचदा छापलेला असतो. बाहेरून टेप लावून चाक मोजू नका. त्यात टायरची उंचीही येते आणि तुम्ही पुन्हा इंचांच्या चिखलात.

आणि चढवताना टायर संशयास्पद सहज गेला, तर हवा भरायच्या आधी आकडा परत वाचा.

२. रुंदी

मोटर, बॅटरी, तुम्ही, वर सामान. एवढं वजन २८ मिमीच्या टायरवर टाकण्यात काही अर्थ नाही. ४७ ते ६० मिमी हा इलेक्ट्रिक सायकलचा सुखाचा पट्टा. मोठा टायर कमी हवेत चालतो, खड्डा गिळतो, रिम वाचवतो. मर्यादा दोन. पहिली, रिमची आतली रुंदी: टायर तिच्या दीडपट ते अडीचपट असला की निर्धास्त. दुसरी, फ्रेम, चिमटा आणि मडगार्डमधली जागा. फुगलेल्या टायरच्या चहूबाजूंनी निदान ६ मिमी मोकळं राहायला हवं, नाहीतर एक अडकलेला खडा चाक जागीच थांबवेल.

३. पंक्चर

साध्या सायकलला पंक्चर म्हणजे वीस मिनिटांचं काम. मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मध्यभागीच बसवलेली) असेल तर आधी वायरचा जोड शोधा, तो सोडवा, मग मोठा पाना घेऊन नट काढा, मग टॉर्क आर्म (मोटरच्या जोराने आस फिरू नये म्हणून लावलेली पट्टी), मग वॉशर (कुठला आतून, कुठला बाहेरून, याचा फोटो काढून ठेवा). एवढं झाल्यावर हातात येतं ते एक जडशीळ चाक. हे रस्त्याच्या कडेला एकदा केलंत की टायर हलका हवा असा हट्ट आपोआप सुटतो. मागे घ्यायचा तो जाड संरक्षक थर असलेला टायरच. मागचा झिजतोही लवकर, कारण वजन आणि बऱ्याचदा मोटरचा जोरही त्याच्यावर. पुढचा तोच असावा असं काही नाही. पुढे पकड चांगली बघा.

बाजूवर टीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती धागे. १२० वाला मऊ आणि चपळ, पण धागे बारीक. ओझ्याच्या सायकलीला ६०-६७ वाला जास्त मार सोसतो.

भरीव, बिनहवेचे टायर? नको. खड्ड्याचा प्रत्येक दणका स्पोकांना आणि तुमच्या मनगटांना जातो.

४. 'ई-बाइक'चा शिक्का

हा शिक्का नसला तर टायर चालणारच नाही, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. युरोपात ताशी ४५ किमी वेगापर्यंत मदत करणाऱ्या सायकलींच्या टायरना ईसीई-आर७५ ही मान्यता लागते, आणि तुमची सायकल तेवढी पळत असेल तर असाच टायर घ्या. श्वाल्बेसारख्या कंपन्या ई-२५ आणि ई-५० अशा खुणा देतात. ई-५० म्हणजे ताशी ५० किमीपर्यंतचा. मोटर २५ ला थांबत असेल तर चांगल्या बांध्याचा साधा टायरही पुरतो. शिक्क्यापेक्षा बाजूवर छापलेला जास्तीत जास्त भार वाचा, आणि सामान धरून आपला हिशेब लावा.

नक्षी: डांबरी रस्त्याला गुळगुळीत, मातीला बटणांची. पाऊस पडला म्हणून डांबरावर बटणं लागत नाहीत.

व्हॉल्व्ह: रिमच्या भोकात बसेल तो.

कंपनी: वरच्या सगळ्यात बसणारी कुठलीही नावाजलेली.

५. हवा

चढवणं तुम्हाला येतंच. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने ठेवा, एवढंच.

टायरवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवा लिहिलेली असते. जास्तीत जास्त म्हणजे 'एवढीच भरा' नव्हे. ५० मिमीच्या टायरला मी पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय ठेवते, आणि अंगठ्याने दाबून नव्हे, गेज लावून बघते.

कमी हवा इथे नुसती बॅटरी खात नाही. मोटर झटक्यात ओढते तेव्हा ढिला टायर रिमवरून कणाकणाने सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह मात्र भोकात अडकलेला. म्हणून नवा टायर टाकल्यावर पहिले काही दिवस व्हॉल्व्हकडे बघत जा. सरळ उभा असेल तर ठीक. एका बाजूला कलला असेल तर टायर सरकतोय. हवा पूर्ण सोडा, कड मोकळी करून व्हॉल्व्ह सरळ करा आणि या वेळी हवा पुरेशी भरा. दुर्लक्ष केलंत तर तो मुळातून फाटतो, आणि तिथे पॅच बसत नाही.

रुंदी बदलली असेल तर डिस्प्लेवरचा वेगही चुकतो. ४०-६२२ च्या जागी ५०-६२२ टाकला की चाकाचा घेर साधारण ३ टक्क्यांनी वाढतो आणि डिस्प्ले तेवढा कमी वेग दाखवतो. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा फिरवा, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून सेटिंगमध्ये टाका.