आधी तिथी सांगा: रत्नागिरीचं दीपगृह आणि आरे-वारेचं खडप

रत्नागिरीला यायचं ठरलं की ओळखीतले लोक मला फोन करतात आणि विचारतात, "कुठल्या शनिवारी येऊ?" मी त्यांना भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावते. आधी तिथी सांगा, मग मी वार सांगते. नुसतं दीपगृह बघायचं असेल तर कुठलाही दिवस चालेल. पण खडपावरच्या, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्याच्या खडकांवरच्या, डबक्यांमधलं जग बघायचं असेल, तर ते रोज सारखं उघडं पडत नाही.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण लागतं. उधाणाला भरती जेवढी वर चढते तेवढीच सुकती, म्हणजे ओहोटी, खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा पाणी धड वर येत नाही आणि धड मागेही हटत नाही. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेपासून पुढचे तीन-चार दिवस धरायचे. वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला भरती आणि तिथून साधारण सहा तासांनी, सव्वाआठला, सुकती. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन मोजायचं. हा अंदाज आहे, वेळ इकडेतिकडे होते, पण दिवस ठरवायला पुरतो. मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघत असाल तर ते रत्नागिरीचंच बघा. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मुंबईच्या आधी ती आमच्याकडे येते. माझी मामेबहीण मुलांना घेऊन मुंबईच्या वेळेवर विसंबून आली आणि खडपावर पोचली तेव्हा पाणी फिरलेलं होतं. मुलं हिरमुसून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, किल्ले करत बसली, ते मला अजून लागून राहिलंय.

माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली द्वितीया किंवा तृतीया. सकाळी साडेसात-सव्वाआठची सुकती मिळते, ऊन कोवळं असतं आणि दीपगृहासाठी अख्खी दुपार-संध्याकाळ हातात राहते. पावसाळ्यात खडपावर जायचंच नाही.

खडपासाठी मी आरे-वारेला नेते. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्याने, साखरतरचा पूल आणि काळबादेवी ओलांडून, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. दोन पुळणींच्या मध्ये डोंगराची सोंड समुद्रात शिरलीय. सुकतीला तिच्या पायथ्याचं खडप उघडं पडतं. सुकतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी मागे जाईल तसे त्याच्या मागून पुढे सरका. पाणी फिरलं की फार तर अर्धा-पाऊण तास. मग कितीही मन रमलेलं असो, निघायचं. आमच्या शेजारच्या काकी कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढायला जायच्या, त्या मला लहानपणी सोबत न्यायच्या. त्यांचा एकच धाक असायचा, "पाण्याकडे पाठ करू नको गो!" आज मी मुलांना नेते तेव्हा तेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडतं. आणि या समुद्रात पोहायला उतरू नका. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्ही ठिकाणी माणसं बुडाली आहेत.

पायात मागे पट्टा असलेले जाड तळव्याचे सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. स्लिपर नको. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मागच्या वर्षी माझ्या भाच्याचा तळवा टाच ते बोटं असा फाटला. पाय सुक्या, खरबरीत दगडावर टाकायचा. हिरवं आणि चमकणारं म्हणजे शेवाळ. सोबत पाण्याची बाटली, टोपी, एक भिंग आणि गुडघ्याखाली घ्यायला जुना टॉवेल. बादली, जाळी, बरणी यातलं काही आणू नका.

टॉवेल कशाला, तर खरी गंमत बसल्यावर सुरू होते. एक डबकं निवडा, परातीएवढं असलं तरी चालेल. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला गुडघे टेका आणि पाच मिनिटं हलू नका. पहिल्या मिनिटाला दिसतं ते फक्त पाणी आणि दगड. मग एक शंख चालायला लागतो. तोही गोगलगायीसारखा हळू नाही, तुरुतुरु, कारण आत संन्यासी खेकडा असतो. दगडाचाच रंग घेतलेला बोटभर मासा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत उडी मारतो. बार्नकल म्हणजे दगडाला चिकटलेले पांढुरके छोटे ज्वालामुखीच. पाण्याखाली त्यांचं तोंड उघडतं आणि आतून पिसासारखा पंजा बाहेर येऊन पाणी चाळतो, आत जातो, पुन्हा येतो. तो पंजा म्हणजे त्या प्राण्याचे पाय. पायांनी खाणं ओढून घेणारा हा जीव खरं तर कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद आहे. हे एकदा भिंगातून बघितलं की मुलं तिथून उठत नाहीत.

खाली पाण्याच्या कडेला जाल तसे रहिवासी बदलतात. वरच्या पट्ट्यात उन्हाला न भिणारे छोटे शंख, मधे कालवं आणि बार्नकल, आणि अगदी खाली, जिथून पाणी थोडाच वेळ हटतं, तिथे झोअँथिडचे हिरवट गालिचे आणि समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. हे गालिचे शेवाळ समजून लोक तुडवतात. ते प्राणी आहेत, शेकडो तोंडं एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यावर पाय देऊ नका आणि बोटही लावू नका. समुद्रफूल पाण्याबाहेर मिटून जेलीच्या गोळ्यासारखं दिसतं, त्याला टोचून बघायचा मोह मुलांना फार होतो. एखादा दगड उचललात तर खालची बाजू दोन क्षण बघा आणि होता तसाच, हळूच, परत ठेवा. ती बाजू उन्हात राहिली तर तिच्यावरचं सगळं मरतं. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसला तरी हातात घेऊ नका, आतला प्राणी विषारी दंश करू शकतो.

शंखांचं आणखी एक सांगायचंय. मी आठ वर्षांची असताना बिस्किटाच्या डब्यात भरून शंख घरी आणले होते. तिसऱ्या दिवशी वासाने आजीने डबा उघडला. सगळ्या शंखांतून खेकडे अर्धे बाहेर येऊन मेलेले होते. आजी काही बोलली नाही, डबा परसात पुरला. त्या दिवसापासून मी रिकामा शंखसुद्धा उचलत नाही, कारण वाढत्या खेकड्याला दर थोड्या दिवसांनी मोठं घर लागतं आणि ते त्याला त्या खडपावरच मिळायला हवं. कालवं काढणाऱ्या बायका तिथे भेटतील. त्यांचं काम पाण्याच्या वेळेशी बांधलेलं असतं, त्यांना फोटोसाठी थांबवू नका.

दुपारी जेवून झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात एक चक्कर मारा. सकाळी निसटून गेलेले मासे तिथे काचेपलीकडे शांतपणे बघता येतात आणि देवमाशाचा सांगाडा तर मुलांनी बघायलाच हवा.

मग दीपगृह. ते रत्नदुर्गावर आहे, पण भगवतीचं देऊळ आहे त्या बालेकिल्ल्यात नाही. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंना समुद्र. देऊळ एका टेकडीवर, दीपगृह दुसऱ्या. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये आदिलशाहीकडून घेतला, आणि दीपगृह १८६७ चं, इंग्रजी अमलातलं. मुंबईजवळच्या खांदेरीचं दीपगृहही त्याच वर्षीचं. आधी भगवतीचं दर्शन आणि तटावरची फेरी उरकून घ्या, कारण दीपगृह पाहुण्यांना संध्याकाळीच, थोडाच वेळ उघडं असतं. नेमकी वेळ फाटकावर आदल्या दिवशी विचारून ठेवा. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. जिना गोल आणि अरुंद आहे, पाठीवरची सॅक खालीच सोडा.

वर पोचल्यावर आधी दक्षिणेकडे बघा. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्या, मांडवीची काळी वाळू आणि पलीकडे काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी. उत्तरेला मिऱ्याचा डोंगर. सकाळचं खडप त्याच्याही पलीकडे. पायथ्याशी कडे थेट पाण्यात उतरतात. तिथेही डबकी दिसतील, पण तिकडे उतरायचा विचार करू नका, पाणी चढलं तर परतायला वाट नाही.

अंधार पडायच्या आत मांडवीवर या आणि किल्ल्याकडे तोंड करून बसा. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली आणि शेजारच्या दीपगृहापेक्षा वेगळी असते, त्यावरून खलाशी कुठला किनारा ते ओळखतो. दिवा लागला की मुलांच्या हातात घड्याळ द्या. झोत किती आले, मधे किती सेकंद गेले, तीन वेळा मोजून वहीत लिहायला सांगा. माझ्या भाच्याने दोन वेळा मोजलं, दोन्ही आकडे जुळले, तरी म्हणाला, "मावशी, अजून एकदा." आम्ही भेळ संपेपर्यंत मोजत होतो.