'फ्री रेन' वापरायचं कसं?

राजारामपुरीत मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. 'गिव्ह समवन फ्री रेन' आलं की मुलं हमखास पाऊस लिहितात. म्हणून आधी रेन म्हणजे लगाम, हे पक्कं करा.

रंकाळ्यावर घोड्याची रपेट केलीय ना? स्वारानं लगाम सैल सोडला की घोडा आपल्या मनानं चाल आणि वाट धरतो. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी कासरा ढिला सोडायला सांगते, त्यांना लगेच उमगतं. एखाद्याला आपल्या मर्जीनं काम करायची पूर्ण मोकळीक देणं, हा अर्थ तिथूनच आला.

स्पेलिंग आर-ई-आय-जी-एन नव्हे, त्याचा अर्थ राज्य करणं. उच्चार एकच, शिवाय 'मोकळं राज्य' हा अर्थही जुळल्यासारखा वाटतो, त्यामुळे इंग्रज माणसंसुद्धा इथं चुकतात. आपण आर-ई-आय-एन लिहायचं.

वाक्य असं करा: 'माय आई गेव्ह मी फ्री रेन इन द किचन.' मग तांबडा-पांढरा कसा करायचा, ते तुम्ही ठरवणार. मोकळीक तुम्हाला मिळाली असेल तर 'आय हॅड फ्री रेन'. कल्पनाशक्तीलाही देता येते: 'गिव्ह फ्री रेन टू युअर इमॅजिनेशन'. मधे 'अ' सहसा लागत नाही, काहीजण 'अ फ्री रेन' असंही लिहितात.

भाषांतर करताना 'मोकाट सोडणं' मात्र टाळा. मोकाट शब्दात तक्रार आहे, फ्री रेनमध्ये बहुतेक वेळा विश्वास असतो. 'पूर्ण मोकळीक' किंवा 'मुभा' मला जास्त जवळचे वाटतात. उलट अर्थ हवा असेल तर 'कीप अ टाइट रेन ऑन', म्हणजे लगाम आवळून धरणं. तिथं 'अ' लागतो.