दुखऱ्या खांद्याची हालचाल कशी मोजावी

निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी बाई खांदा धरून आली, तर तिला उताणे निजवूनच मोजावे. बसवल्यास ती पाठ वाकवून हात उंच नेते आणि आकडा फुगतो. बाह्य वळण, म्हणजे कोपरापुढचा हात अंगापासून बाहेर फिरवणे, मोजण्यासाठी दंड अंगालगत, खाली टॉवेलची घडी आणि कोपर ९० अंशांत वाकवलेले ठेवून गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा) मध्य कोपराच्या टोकावर, स्थिर पट्टी उभी छताकडे व फिरती पट्टी करंगळीकडच्या मनगटाच्या उंचवट्याकडे धरावी. वेदना कुठे सुरू झाली आणि हात कुठे अडला, हे दोन्ही अंश वेगळे नोंदवावेत. सूचना मराठीत द्या वा कन्नडमध्ये, दर वेळी त्याच शब्दांत द्याव्यात. पुढची मोजणी शक्यतो त्याच तपासनिसाने करावी. ५ अंशांच्या फरकाला मी तरी सुधारणा म्हणणार नाही.