वाद्य शिकवायचंय? आधी रियाज करायला शिकवा

आपल्याला छान वाजवता येतं म्हणजे शिकवताही येईल असं नसतं, कारण आपला हात कधीच बसलेला असतो आणि तो कसा बसला हे आपण विसरून गेलेलो असतो. म्हणून जो तुकडा शिकवणार तो आधी स्वतः अगदी सावकाश वाजवून बघा, कुठलं बोट कधी उचलतं, मनगट कुठे वळतं, खांदा कुठे आखडतो. गिटारवाल्यांनी एकदा गिटार उलटी (डाव्या-उजव्या हाताची अदलाबदल करून) धरून साधी कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) लावून बघा, नवशिक्याचे हाल लगेच कळतील.

आता मुख्य मुद्दा. क्लास आठवड्यातून एकदा असेल तर बाकीचे सहा दिवस विद्यार्थी एकटाच असतो, तिथे त्याचा शिक्षक तोच! त्यामुळे "रोज अर्धा तास वाजव" हा होमवर्कच नाही, त्यातून काय करायचं ते कळतच नाही. "ही दोन बारची ओळ, मेट्रोनोम ६० वर, सलग तीनदा न चुकता आली की ६४ कर" असं वहीत लिहून द्या (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट, मेट्रोनोम म्हणजे ठरलेल्या गतीने टिकटिक करणारं यंत्र, ६० म्हणजे मिनिटाला ६० ठोके), आणि क्लासमध्येच एकदा तसं करून घ्या.

बहुतेक जण चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून वाजवतात, मग सुरुवात अगदी पक्की होते आणि अवघड जागा तशीच राहते. अडखळणं बऱ्याचदा सुरात नसतंच, एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्यात असतं. सी कॉर्डवरून एफवर जाताना गाडी अडते ना, मग फक्त तो बदल घ्या, आधी तालाशिवाय, मग हळू तालात, मग आधीची एक मात्रा जोडून, मग नंतरची. लांब तुकडा शेवटाकडून मागे मागे जोडत नेला तरी चालतो, पुढे जाताना ओळखीचाच भाग येतो त्यामुळे धीर वाटतो.

शिकवताना बोला कमी, वाजवून दाखवा जास्त. चार चुका दिसल्या तरी एका वेळी एकच सांगा (शरीराला ताण देणारी असेल तर तीच आधी, कारण आखडून वाजवायची सवय लागली की सोडवणं फार जड जातं). गिटारवर बोट फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) अगदी मागे ठेवलं की कमी जोर लागतो, एवढं सांगितलं तरी बोटदुखी कमी होते. लहान मुलांना तर वाद्यच मापाचं द्या, व्हायोलिन अर्ध्या, पाव मापाचंही मिळतं.

आणि चूक सांगायच्या आधी विचारा, "तुला काय ऐकू आलं?" मला ही सगळ्यात मोलाची सवय वाटते कारण ज्याला स्वतःची चूक ऐकू येते त्याला घरी ती सुधारता येते. जपानचे शिनिची सुझुकी मुलांना व्हायोलिन शिकवताना आधी भरपूर ऐकवायचे, नोटेशन नंतर, आणि आईवडिलांनाही क्लासला बसवायचे म्हणजे घरी कोणीतरी लक्ष देणारं असतं. नोटेशन टाळू मात्र नका, ओळखीची धून वाजायला लागली की तीच कागदावर दाखवा.

ताल कच्चा असेल तर वाद्य बाजूला ठेवून टाळी द्या, तोंडाने म्हणा, मगच वाजवा.

पुढच्या क्लासला "वाजवून दाखव" ऐवजी "घरी कसं केलंस ते करून दाखव" म्हणा, गाडी कुठे अडतेय ते तिथेच दिसतं.