दुसऱ्याच्या नावाने फोन उचलताना

पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावर हेडसेट चढवला आणि सांगितलं, "आता तू दवाखान्यात आहेस." तो कॉल संपतो न संपतो तोच मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते, आणि त्यानंतर एका वकिलांच्या ऑफिसात. खुर्ची तीच, स्क्रीन तीच. फक्त घंटी वाजली की स्क्रीनवर क्लायंटचं नाव यायचं आणि त्याखाली पहिलं वाक्य, 'नमस्कार, अमुक क्लिनिक, बोला.' फोन करणाऱ्याला वाटायचं आपण क्लिनिकशीच बोलतोय, आणि तसं वाटणंच बरोबर होतं.

टेलिफोन आन्सरिंग सर्व्हिस म्हणतात ती ही. नव्याने येणारी मुलं-मुली हिला कॉल सेंटर समजतात आणि पहिल्या आठवड्यात गोंधळतात. कॉल सेंटरमध्ये बहुतेक वेळा एकाच कंपनीचे ग्राहक असतात, उत्तरं ठरलेली असतात आणि प्रश्न तिथेच सोडवायचा असतो. आपल्याकडे एका शिफ्टमध्ये चाळीस-पन्नास क्लायंटचे कॉल येतात आणि त्यातला बहुतेक प्रश्न आपल्याला सोडवायचा नसतोच. डॉक्टरांऐवजी औषध सांगायचं नाही, वकिलांऐवजी सल्ला द्यायचा नाही. नीट ऐकायचं, नीट टिपायचं आणि योग्य माणसाच्या हातात ते नेऊन ठेवायचं. शेवटचं काम सगळ्यात सोपं वाटतं, पण मला सगळ्यात जास्त वेळ तेच शिकायला लागला.

इंटरनेटने नेमकं काय बदललं ते समजायला थोडं मागे जावं लागतं. जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलेलं असं की पूर्वी प्रत्येक क्लायंटच्या फोनची एक जादा तार आन्सरिंग सर्व्हिसच्या बोर्डापर्यंत ओढलेली असायची. क्लायंटने उचलला नाही की बोर्डावरचा दिवा लागायचा, ऑपरेटर तिथे जोडणीची वायर खुपसून बोलायची आणि निरोप चिठ्ठीवर लिहून त्या क्लायंटच्या खणात टाकायची. तार लांब ओढायची म्हणजे खर्च, त्यामुळे क्लायंट जवळपासचेच. मग कॉल फॉरवर्डिंग आलं आणि प्रत्येक क्लायंटसाठी वेगळा आत येणारा नंबर देता येऊ लागला. कॉल कोणत्या नंबरवर आला यावरून संगणक ओळखू लागला की आता कोणाचं नाव घ्यायचं. तार गेली, पण ऑपरेटर अजून इमारतीतच होती. 1999 मध्ये इंटरनेटवरून कॉल जोडण्याची सिप नावाची पद्धत प्रमाणित झाली, 2002 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आणि हळूहळू कॉल हा इंटरनेटवरून जाणारा डेटा झाला. आता ऑपरेटरलाही इमारतीची गरज राहिली नाही. मी स्वतः ऑफिसच्या रांगेतल्या खुर्चीतून घरातल्या खोलीत आले ती यामुळेच.

घरून काम करणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा. इंटरनेट 'फास्ट' असलं म्हणजे आवाज चांगला येईल असं नाही. साध्या प्रतीच्या एका कॉलला प्रत्येक दिशेला सेकंदाला साधारण 80 ते 90 किलोबिट लागतात, म्हणजे एका व्हिडिओपुढे काहीच नाही. अडचण वेगाची नसते, नियमितपणाची असते. आवाजाचे बारीक तुकडे करून ते सहसा दर 20 मिलिसेकंदांना एक असे पाठवले जातात. ते मागेपुढे पोहोचले की शब्द तुटतात, आणि एकूण उशीर वाढला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. वाय-फायवर, शेजारच्या खोलीत कुणी मोठी फाइल चढवत असताना हे गणित बिघडतं. म्हणून राउटरपासून संगणकापर्यंत सरळ लॅनची वायर टाका. मी तीन महिने वाय-फायवर चालवलं आणि तीन महिने लोकांना "पुन्हा सांगाल का?" विचारत राहिले. घाबरलेल्या माणसाला दोनदा तेच सांगायला लावणं किती वाईट असतं, ते त्याचा आवाज ऐकला की कळतं.

विजेचंही तसंच. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरातली वीज गेली तरी तो वाजायचा. राउटर गेला की इंटरनेटचा फोन गेला. छोटा यूपीएस घ्या, आणि तुमची लाइन बंद पडली तर कॉल दुसरीकडे वळतात का हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

आता ऐकण्याबद्दल, कारण इथे कान तयार करावा लागतो. साध्या टेलिफोनवर 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. 'स'चा जो फुसफुसणारा भाग असतो तो बराचसा या पट्ट्याच्या वर असतो, म्हणून 'एस' आणि 'एफ' फोनवर सारखे ऐकू येतात. तुमचा कान खराब नाही, आवाजच कापून आलेला असतो. आजकाल काही कॉल रुंद पट्ट्यावर येतात, पण कॉल करणाऱ्याची लाइन कशी आहे ते तुमच्या हातात नाही. त्यामुळे ई-मेल पत्ता घेताना अक्षरागणिक शब्द जोडून विचारा, 'एस फॉर सिएरा की एफ फॉर फॉक्सट्रॉट?' समोरच्याला अक्षरांसाठी ठरलेल्या शब्दांची ही यादी माहीत नसली तरी चालतं, 'सूर्यातला स का?' म्हटलं तरी काम होतं.

आकड्यांमध्ये आपल्या मराठीचा वेगळा धोका आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद. लोक फोन नंबर जोडीने सांगतात, आपण घाईत ऐकतो आणि एका आकड्याने निरोप वाया जातो. समोरचा जोडीने सांगू दे, परत वाचून दाखवताना मात्र एकेक आकडा सुटा वाचा. "पाच, नऊ... बरोबर?" असं. या परत वाचण्याला आम्ही रीड-बॅक म्हणतो. कॉल कितीही रांगेत असू देत, रीड-बॅक सोडायचा नाही.

रीड-बॅक मी पहिल्यापासून नीट करत होते. तरीही माझ्या हातून जे झालं ते सांगते.

रविवारची रात्र होती. लिफ्टच्या क्लायंटचा कॉल आला. "ताई, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलीय. आई आत आहे. तिला दमा आहे हो." मी नाव, पत्ता, कोणत्या बाजूची लिफ्ट, परत फोन करायचा नंबर, सगळं घेतलं, वाचून दाखवलं, "काळजी करू नका, लगेच कळवते" म्हटलं. ऑन-कॉल, म्हणजे त्या वेळी बोलावल्यावर जायची पाळी असलेल्या, तंत्रज्ञाला अ‍ॅपवरून निरोप पाठवला. दोन टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा, आल्या. मी नोंदीपुढे 'पूर्ण' लिहिलं आणि पुढचा कॉल घेतला.

पंचवीस मिनिटांनी तोच माणूस परत फोनवर आला, कॉल माझ्या शेजारच्या सहकाऱ्याकडे गेला. कुणीच आलेलं नव्हतं. तंत्रज्ञाचा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. दोन टिकांचा अर्थ एवढाच होता की निरोप त्याच्या फोनमध्ये पोहोचला होता. सहकाऱ्याने त्याला फोन लावला, उचलला नाही. यादीतल्या दुसऱ्याला लावला, तो निघाला. आई बाहेर आल्या तोवर पाऊण तास होत आला होता. त्या ठीक होत्या. पण दमा म्हटल्यावर त्यांच्या मुलाला "आधी आणीबाणीच्या नंबरवर फोन करा" हे सांगायचं मला सुचलं नव्हतं, आणि ते जास्त गंभीर होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी मला शेजारी बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू बोललीस छान. पण निरोप कुणाच्या हातात पडला?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून माझ्या नोंदीत 'पाठवला' आणि 'मिळाला' असे दोन वेगळे शब्द आहेत. पाठवला म्हणजे माझ्याकडून गेला. मिळाला म्हणजे त्या माणसाने स्वतः 'मिळाला, निघतोय' असं सांगितलं किंवा लिहिलं. तातडीच्या कॉलमध्ये मधल्या वेळेसाठी मी घड्याळ लावते. क्लायंटने ठरवून दिलेल्या मिनिटांत उत्तर आलं नाही की फोन, मग यादीतला पुढचा माणूस, मग त्याच्या वरचा. आणि जिवाचा प्रश्न दिसला की सगळ्याच्या आधी आणीबाणीचा नंबर. पूर्वी ऑपरेटर डॉक्टरांना फोन करून निरोप वाचून दाखवायची, तेव्हा पोचपावती त्या बोलण्यातच असायची. इंटरनेटने निरोप एका क्षणात धाडण्याची सोय केली, त्यात ही पावती मधल्या मधे गळून पडली. ती परत मिळवणं हे आता आपलं काम आहे. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नसतं.

प्रत्येक वाट वेगळ्या तऱ्हेने फसवते. ई-मेल स्पॅममध्ये पडतो. अ‍ॅपची सूचना फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर असला की गप्प बसते. एसएमएस इंग्रजीत 160 अक्षरांचा, पण देवनागरीत एका संदेशात 70च बसतात, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. लांबलेला निरोप तुकड्यांत जातो आणि एखादा तुकडा उशिरा पोहोचला की वाचणाऱ्याला अर्धंच दिसतं. म्हणून मी क्रम बदलला. आधी काय झालंय, मग परत फोन करायचा नंबर, मग पत्ता, आणि 'नमस्कार सर, आपल्यासाठी निरोप आहे' हे पूर्ण बंद. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की उठायचं की सकाळी बघायचं.

चॅटचं काम बहुतेक ठिकाणी फोनच्या जोडीला आलंय. एका वेळी दोन-तीन खिडक्या उघड्या असतात आणि नवख्याला वाटतं हे सोपं आहे, कारण कुणी ओरडत नाही. मला उलट वाटतं. फोनवर माणसाचा श्वास ऐकू येतो, लिहिण्यात तो येत नाही. 'ठीक आहे' लिहिणारा खरंच ठीक आहे का, ते विचारूनच कळतं. चॅटमध्ये प्रकरण तातडीचं वाटलं तर त्याला लगेच फोनवर घ्या.

गुप्ततेबद्दल थोडक्यात, पण हे टाळता येण्यासारखं नाही. तुमच्या कानावर लोकांचे आजार, खटले, घरातली भांडणं पडतात. घरून काम करताना दार बंद, कागदावर काहीही लिहायचं नाही, स्पीकर कधीच नाही. कार्डाचे पैसे घेणारा क्लायंट असेल तर कार्डामागचा तीन अंकी कोड बोलला जाताना रेकॉर्डिंग थांबवायची सोय असते, ती वापरा. व्यवहार मंजूर झाल्यावर तो कोड साठवून ठेवायला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांत मनाई आहे, आणि रेकॉर्डिंग हीसुद्धा साठवणच.

नव्या मुलांना आणखी एक गोष्ट खुपते. मधेच पाच-सात मिनिटं एकही कॉल येत नाही आणि त्यांना अपराधी वाटतं. किती कॉलना किती माणसं लागतात, हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं. समजा अर्ध्या तासात तीन-तीन मिनिटांचे 100 कॉल येतात. हे बरोबर दहा माणसांचं काम झालं. पण कॉल ओळीने येत नाहीत, घोळक्याने येतात. शंभरातले ऐंशी कॉल वीस सेकंदांच्या आत उचलायचे, हे या धंद्यातलं नेहमीचं माप, तर दहा माणसं पुरत नाहीत. हिशोब केला तर चौदा बसवावी लागतात. तुम्ही रिकामे बसलेले दिसता तो वेळ पुढच्या घोळक्यासाठी राखलेला असतो. त्या वेळात क्लायंटच्या सूचना वाचा. आज ऑन-कॉल कोण, ते काल होतं तेच आहे असं धरून चालू नका.

बॉटमुळे, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅममुळे, नोकरी जाईल का, हे प्रत्येक जण विचारतो. मी पाहिलं ते सांगते. वेळ काय, पत्ता काय, उद्याची अपॉइंटमेंट बदलायची आहे, असे कॉल वेबसाइट आणि बॉटकडे सरकले आणि अजून सरकतील. त्यामुळे आपल्यापर्यंत येणारा माणूस बऱ्याचदा बॉटशी झगडून आलेला, चिडलेला किंवा घाबरलेला असतो. कॉल कमी झाले, पण सोपे कॉल आधी गेले. पूर्वी नवखी मुलगी पहिला महिना सोप्या कॉलवर हात बसवायची, आता तिला पहिल्याच दिवशी अवघड कॉल मिळतो. हे मला खरोखर काळजीचं वाटतं, आणि म्हणून प्रशिक्षणात किती दिवस दुसऱ्याचे कॉल शेजारी बसून ऐकायला मिळणार, हे आधी विचारा. दोनच दिवस म्हणाले तर जास्त मागून घ्या.

मुलाखतीत पगार आणि शिफ्ट विचाराल ते विचाराच. त्यासोबत एक प्रश्न घेऊन जा: "तातडीचा निरोप पाठवला आणि पलीकडून उत्तर आलं नाही, तर तुमच्याकडे पुढे काय करतात?" चांगल्या ठिकाणी समोरचा माणूस न अडखळता सांगतो, किती मिनिटांनी कुणाला फोन, त्यानंतर कुणाला, आणि ती नोंद शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाच्या हातात कशी जाते. "आमची सिस्टिम सगळं पाठवते" एवढंच उत्तर मिळालं, तर तिथे रुजू होण्याआधी तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा.