लिनक्स कर्नलमध्ये स्वतःचा हॅश कसा नोंदवायचा

टर्मिनलवर /प्रॉक/क्रिप्टो ही फाइल उघडून बघा. तुमचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ज्या क्रिप्टो अल्गोरिदमना ओळखतो त्यांचा तो हजेरीपट आहे: नाव, ड्रायव्हर (अल्गोरिदम प्रत्यक्ष चालवणारा कोड), मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा कोडचा तुकडा), प्राधान्य, चाचणीचा निकाल. एकाच नावाखाली दोन-तीन ड्रायव्हर दिसले तर गोंधळू नका. साध्या सी भाषेतला एक असतो, प्रोसेसरच्या खास सूचना वापरणारा दुसरा असतो. कुणी नुसतं 'शा२५६' (कुठल्याही डेटाचा ३२ बाइटांचा ठसा, म्हणजे हॅश, काढणारा अल्गोरिदम) मागितलं, तर ज्याचं प्राधान्य जास्त तो पुढे येतो. या पटावर आपलं नाव चढवायचं आहे. (कोडमधली नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. मूळ स्पेलिंग कर्नलच्या इन्क्लूड फोल्डरमधल्या हेडर फाइलींत मिळेल.)

आधी अल्गोरिदम ठरवू. स्वतः शोधलेला काहीतरी टाकायचा मोह होतो, तो आवरा. विश्वासाचा प्रश्न मोठमोठ्यांना सुटलेला नाही. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने तयार केलेला स्पेक हा कूटलेखनाचा अल्गोरिदम २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीत आला आणि ४.२० मध्ये, त्याच वर्षी, काढूनही टाकला गेला. आपण शा-२५६च पुन्हा लिहू. यात एक छुपा फायदा आहे. कर्नलच्या टेस्टमॅनेजरकडे नेमलेल्या चाचण्या अल्गोरिदमच्या नावाने ठेवलेल्या असतात. तुम्ही नाव 'शा२५६' आणि ड्रायव्हरचं नाव 'शा२५६-सराव' दिलंत, की त्या चाचण्या तुमच्या कोडवर आपोआप चालतात. नवं नाव दिलंत तर तपासायला कुणीच नाही.

काम व्हर्च्युअल मशीनवर करा, चालू कर्नलच्या आवृत्तीचे हेडर बसवा. रोजच्या लॅपटॉपवर नको. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल बहुधा आत घेणारही नाही.

आता कोड. एका हॅशची चालू अवस्था साठवायला स्ट्रक्चर लागतं: ३२ बिटांचे आठ शब्द, आतापर्यंतच्या बाइटांची मोजणी आणि ६४ बाइटांचा बफर, मिळून १०४ बाइट. त्यावर तीन फंक्शनं. इनिट सुरुवातीच्या किमती भरतं. अपडेट येईल तेवढा डेटा घेतं आणि ६४ बाइट भरले की एक ब्लॉक पिळून काढतं. फायनल पॅडिंग करून (शेवटचा अपुरा ब्लॉक भरून काढून) ३२ बाइटांचा निकाल देतं. फंक्शनांना स्वतःचा उपसर्ग लावा आणि ती स्टॅटिक ठेवा. 'शा२५६_अपडेट' हे नाव कर्नलच्या हेडरमध्ये आधीच आहे, त्यामुळे कंपायलर लगेच भांडतो.

डेटा कसाही तुकड्यातुकड्यांत येऊ शकतो: आधी ३ बाइट, मग ६१, मग १. पत्ता चारच्या पटीत असेलच असंही नाही, म्हणून शब्द वाचताना गेट_अनअलाइन्ड_बीई३२ वापरा. हा कोड जिथे झोपायला, म्हणजे थांबून वाट बघायला, परवानगी नाही अशा जागेवरूनही बोलावला जातो, म्हणून आत मेमरी मागत बसू नका. आणि मधली आकडेमोड पुसायला मेमझिरो_एक्सप्लिसिट. साधा मेमसेट कंपायलर 'हे पुढे कुठे वापरलंय?' म्हणून गाळून टाकू शकतो.

माझा पाय घसरला तो पॅडिंगमध्ये. संदेशाच्या शेवटी हेक्स ८० हा बाइट, मग शून्यं, मग शेवटच्या आठ बाइटांत लांबी. 'एबीसी'चा हॅश बरोबर आला आणि मी चहाला उठलो. परत येऊन लॉग बघतो तर ५६ अक्षरांच्या चाचणीत 'राँग रिझल्ट'. बफरमध्ये ५५ पेक्षा जास्त बाइट उरले की लांबीला जागा पुरत नाही, एक जादा ब्लॉक घ्यावा लागतो. ती अट मी लिहिलीच नव्हती.

नोंदणी मात्र अर्जाचा फॉर्म भरण्याइतकी सोपी. शॅश_अल्ग या स्ट्रक्चरमध्ये तीन फंक्शनं, निकालाचा आकार ३२ आणि अवस्थेचा आकार १०४ भरा. त्यातल्या 'बेस' भागात नाव, ड्रायव्हरचं नाव, ब्लॉकचा आकार ६४, मॉड्यूल म्हणून धिस_मॉड्यूल आणि प्राधान्य. प्राधान्य १० ठेवा. सी भाषेतल्या सर्वसाधारण ड्रायव्हरांचं साधारण १०० असतं. तुम्ही ५००० टाकलंत, तर यापुढे शा-२५६ मागणारा प्रत्येकजण तुमच्या दारात येईल. मॉड्यूलच्या इनिटमध्ये क्रिप्टो_रजिस्टर_शॅश बोलवा, एक्झिटमध्ये क्रिप्टो_अनरजिस्टर_शॅश, आणि लायसन्स जीपीएल लिहायला विसरू नका, नाहीतर ही फंक्शनं मिळतच नाहीत.

मेक करून कोड बांधा, इन्समॉड करून मॉड्यूल कर्नलमध्ये चढवा. 'फाइल एक्झिस्ट्स' आलं तर एकतर मॉड्यूल आधीच चढलेलं आहे किंवा ड्रायव्हरचं नाव दुसऱ्या कुणाचं आहे. कर्नल दोन्हीला तोच निरोप देतो. काहीच आलं नाही, म्हणून खूशही होऊ नका. चाचणी नापास झाली तरी इन्समॉड गप्पच राहतो.

पुन्हा /प्रॉक/क्रिप्टो उघडा. चाचणीपुढे 'अननोन' असेल तर नापास. 'पास्ड' असेल तरी लगेच विश्वास ठेवू नका: चाचणीच नसलेला अल्गोरिदमही तिथे 'पास्ड' दिसतो, आणि कर्नल चाचण्या बंद ठेवून बांधलेला असेल तर सगळेच. लॉगमध्ये 'नो टेस्ट फॉर' शोधा. बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलीत चाचण्या चालू आहेत का बघा. जुन्या कर्नलांत तो पर्याय 'डिसेबल_टेस्ट्स' असा उलटा लिहिलेला असतो, वाचताना हमखास फसायला होतं.

शेवटी हाताने पडताळा. पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमधून एएफ_एएलजी सॉकेट (कर्नलच्या अल्गोरिदमशी बाहेरून बोलायची वाट) उघडा, प्रकार 'हॅश' आणि नावाच्या जागी ड्रायव्हरचं नाव द्या. नुसतं 'शा२५६' दिलंत तर दुसऱ्याच ड्रायव्हरचं उत्तर बघून खूश व्हाल. ५५, ५६, ६३ आणि ६४ बाइटांच्या फाइली करून निकाल शा२५६सम कमांडशी ताडा.

सॉकेट उघडं असताना आरएममॉड करून मॉड्यूल उतरवायला गेलात तर कर्नल 'वापरात आहे' म्हणून नकार देईल. तो नकार फॉर्ममधल्या धिस_मॉड्यूलमुळे मिळतो. तो रकाना रिकामा ठेवून बघायचं असेल तर आधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घ्या.